आकडा कुठून आणलात?

महाराष्ट्रातल्या मुलींच्या घटत्या प्रमाणावरचे दोन प्रबंध शेजारीशेजारी ठेवा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, याचे उत्तर एकात ८८३ असे मिळेल आणि दुसऱ्यात ८९४. दोन्हीकडे तळटीप मात्र सारखीच असते : ‘जनगणना २०११’. वाचणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एकाने आकडा उतरवताना घोळ घातला. प्रत्यक्षात दोघांनीही आकडा बरोबर उतरवलेला असतो. ३१ मार्च २०११ पासून जनगणनेचे हंगामी आकडे जाहीर होऊ लागले, त्यांत महाराष्ट्राचा आकडा ८८३ होता. पुढे सगळे नमुने तपासून, संगणकावर घेऊन एप्रिल २०१३ मध्ये अंतिम आकडे आले, त्यांत तो ८९४ झाला. बीड जिल्ह्याचा हंगामी आकडा ८०१, अंतिम ८०७.

फरक अकराचाच आहे, म्हणून सोडून द्यावा असे कुणाला वाटेल. पण २००१ साली हेच प्रमाण ९१३ होते. हंगामी आकडा धरला तर दहा वर्षांतली घसरण ३० ची होते, अंतिम धरला तर १९ ची. घसरण दीडपटीहून जास्त फुगवून सांगितली तर प्रबंधाचा निष्कर्षच बदलतो, आणि ‘जनगणना २०११’ एवढ्या टिपेवरून वाचकाला ते कधीच कळत नाही.

आकड्याच्या तळटिपेचे काम एवढेच आहे : वाचकाला त्याच प्रकाशनातल्या, त्याच तक्त्यातल्या, त्याच रकान्यापर्यंत नेऊन सोडायचे, म्हणजे त्याला तोच आकडा सापडेल. पुस्तकातल्या मताची टीप थोडी ढिली असली तरी वाचक पान उलटून ते मत शोधून काढतो. आकड्याचे तसे नाही. एकाच संस्थेच्या एकाच विषयावरच्या अहवालात तोच आकडा चार प्रकारे दिलेला असतो : ग्रामीण, शहरी, एकूण आणि वयोगटनिहाय. त्यातला आपण नेमका कोणता उचलला, हे आपल्यालाच सांगावे लागते.

आता वरची टीप नीट करू. ‘जनगणना २०११’ यात कोणी, कुठे, काय यांपैकी काहीच नाही. ‘भारताची जनगणना २०११, महाराष्ट्र, अंतिम आकडे’ हे बरे, पण अजून तक्ता नाही. पुरी टीप अशी होईल : भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचे कार्यालय, भारताची जनगणना २०११ : प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्ट, महाराष्ट्र (अंतिम आकडे, २०१३), ‘०–६ वयोगटातील लोकसंख्या’, एकूण, मुलगे व मुली हे रकाने, प्रमाण लेखकाने काढले.

शेवटचा तुकडा कशासाठी, तेही सांगतो. प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्टमध्ये मुलगे आणि मुली यांची संख्या दिलेली असते. भागाकार आपण करतो. भागाकार आपला असेल तर तो आपला आहे असे लिहायचे. छापील प्रमाण उचलले असेल तर ते जिथे छापले आहे त्या तक्त्याचा उल्लेख करायचा. वाचकाला पडताळा घ्यायचा असेल तर कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरते.

नावांबद्दल एक. सरकारी अहवालाला बहुधा एकटा लेखक नसतो, संस्थाच लेखक. म्हणून टिपेची सुरुवात संस्थेच्या पूर्ण नावाने करावी, ‘भारत सरकार’ एवढ्याने नको, कारण भारत सरकारचे आकडे काढणारी खाती पुष्कळ आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. इंग्रजी अहवालाचे नाव मराठीत आणायचा हौशी प्रयत्न करू नये. ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’ असे लिहिले तर ते कानाला चांगले लागते, पण त्या नावाने शोधणाऱ्याला अहवाल मिळत नाही. नाव आहे तसे ठेवावे. काही संस्था अहवालाच्या पहिल्याच पानांत ‘या अहवालाचा उल्लेख असा करावा’ म्हणून तयार मजकूर देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी देवनारची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस देते. तो असेल तर तोच वापरावा आणि पुढे आपला तक्ता जोडावा.

सालाच्या बाबतीत गफलत फार होते, कारण एका आकड्याला निदान दोन साले असतात. एक, आकडा ज्या काळाचा आहे ते. दुसरे, तो ज्या वर्षी प्रसिद्ध झाला ते. मराठी भाषेत गणलेले भारतात ८,३०,२६,६८० लोक, हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे, म्हणजे १ मार्च २०११ ला रात्री बारा वाजता जी लोकसंख्या धरली तिचा. पण तो मातृभाषेच्या सी-१६ तक्त्यातून आला, आणि ते प्रकाशन ‘पेपर १ ऑफ २०१८’. टिपेत दोन्ही साले हवीत. नुसते २०१८ लिहिले तर वाचक समजतो की २०१८ साली मराठी बोलणारे आठ कोटी तीस लाख होते. सर्वेक्षणांत तर काळ एकाच दिवसाचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी ‘२०१९–२१’ अशी लिहितात, पण महाराष्ट्रातले काम पहिल्या टप्प्यात, कोरोनाच्या टाळेबंदीआधीच संपले होते. टाळेबंदीचा मुलांच्या आहारावर काय परिणाम झाला हे दाखवायला कुणी महाराष्ट्राचे हे आकडे घेतले, तर संशोधनाचा पायाच उलटा पडला. टिपेत क्षेत्रकामाचा काळ लिहायची सवय असेल तर ही गोष्ट लिहिणाऱ्याच्याच आधी लक्षात येते. टीप वाचकासाठी असते हे खरे, पण तिचा पहिला वाचक लेखकच असतो.

साल सापडले तरी आवृत्ती राहते. २०१३-१४ या आर्थिक वर्षातली देशाची वाढ जुन्या मालिकेत, म्हणजे २००४-०५ हे आधारवर्ष धरून, ४.७ टक्के होती. जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष २०११-१२ केले, मोजण्याची पद्धतही बदलली, आणि त्याच वर्षाची वाढ ६.९ टक्के झाली. पुढच्या दुरुस्त्यांत ती पुन्हा हलली. कोणाला त्या वेळच्या सरकारची कामगिरी वाईट दाखवायची असेल तर तो पहिला आकडा घेईल, चांगली दाखवायची असेल तर दुसरा. टिपेत आधारवर्ष आणि जाहीर झाल्याचा महिना नसेल तर दोघेही सुटतात.

जागेचेही असेच. २०११ ला ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा निघाला. आज ‘ठाणे जिल्हा, लोकसंख्या एक कोटी दहा लाख’ असे लिहिणाऱ्याने टिपेत ‘२०११ च्या हद्दीप्रमाणे, पालघरसह’ हे चार शब्द घालावेत.

सर्वांत अवघड भाग आता येतो, तो व्याख्येचा. नाव एकच आणि मोजलेली गोष्ट वेगळी, असे झाले की प्रकाशन, तक्ता, पान सगळे बरोबर असूनही टीप फसवते. शेतकरी आत्महत्यांचे उदाहरण घ्या. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा अहवाल काढते. २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५०. वर्षभरात निम्म्याहून खाली? त्या वर्षी वर्गवारी बदलली होती. शेतकरी एका रकान्यात, शेतमजूर दुसऱ्या रकान्यात असे दोन रकाने झाले, आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० होते. दोन्ही मिळून १२,३६०. ‘आत्महत्या निम्म्यावर आल्या’ असे वाक्य लिहून खाली दोन अहवालांची नावे निर्दोष दिली, तरी ते वाक्य टिकत नाही. तिथे टिपेतच लिहायला हवे : ‘२०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर यांची स्वतंत्र वर्गवारी असल्याने मागील वर्षांशी थेट तुलना करता येत नाही.’ महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आणखी एक मोजणी आहे, महसूल खात्याची. त्यात प्रत्येक प्रकरण मदतीसाठी पात्र की अपात्र असे ठरते. जिल्हाधिकारी कार्यालयातून ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून आणलेला आकडा पात्र प्रकरणांचा आहे की एकूण, हे टिपेत नसेल तर तो आकडा वापरूच नये, असे माझे मत आहे.

आणखी एक जोडी नेहमी चुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आल्या आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त झाल्या म्हणून बातम्या झळकल्या. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९४३ होते. सर्वेक्षण कुटुंबांचे आहे. आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसे त्यात मोजतात. कामासाठी घराबाहेर पडलेला, गोदामात, बांधकामावर किंवा छावणीत राहणारा पुरुष त्यात सापडत नाही. दोन आकडे एका आलेखात जोडून रेघ वर जाताना दाखवणे म्हणजे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची मापे एकाच रेघेवर मांडणे आहे. ते करायचेच असेल तर तळटीप पुरणार नाही, मजकुरातच सांगावे लागेल.

सर्वेक्षणाच्या तक्त्यांत एक खूण असते, ती फार थोडे लोक पाहतात. काही टक्केवाऱ्या कंसात छापलेल्या असतात आणि काही ठिकाणी आकड्याऐवजी तारका असते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंसाचा अर्थ असा की ती टक्केवारी प्रत्यक्षात २५ ते ४९ नोंदींवरच उभी आहे. तारका असेल तर नोंदी २५ पेक्षाही कमी, म्हणून आकडा छापलाच नाही. एखाद्या गटातल्या थोड्याशा बायकांच्या उत्तरांवरून आलेले ‘(६२.३)’ प्रबंधात येताना कंस टाकून ६२.३ होते, आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच्या प्रबंधात ते ‘६२ टक्के महिला’ होऊन बसते. कंसासकट उतरवावे आणि टिपेत कंसाचा अर्थ लिहावा. एवढ्याने निम्मे काम होते.

स्वतः केलेल्या आकडेमोडीची टीप ही स्वतंत्र जात आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध वाचला. हिंदुस्थानी माणसाचे वार्षिक उत्पन्न त्यांनी सरासरी २० रुपये काढले, आणि काढताना आकडे वापरले ते सरकारच्याच प्रशासकीय अहवालांतले. आधी त्यांनी अहवालांतल्या सरासऱ्यांची पद्धतच चुकीची असल्याचे दाखवले : अधिकारी प्रत्येक जिल्ह्याचा दर घेत, बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागत, कुठल्या जिल्ह्यात पीक किती झाले हे पाहतच नसत. लहान जिल्ह्याचा महाग दर आणि मोठ्या जिल्ह्याचा स्वस्त दर एकाच मापाने धरले जात. दादाभाईंनी स्रोत आणि रीत दोन्ही उघड ठेवली, त्यामुळे त्यांच्याशी भांडणाऱ्याला सरकारच्याच कागदांशी भांडावे लागले.

हीच चूक आज एक्सेलमध्ये एका फटक्यात होते. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या साक्षरतेच्या टक्केवाऱ्या निवडून सरासरी घेतली की आकडा येतो, पण तो मराठवाड्याच्या साक्षरतेचा नसतो. त्यासाठी आठही जिल्ह्यांतले साक्षर एकत्र करून सात वर्षांवरच्या लोकसंख्येने भागावे लागते. जनगणनेतला साक्षरता दर सात वर्षांवरच्यांचाच असतो. टीप अशी असावी : ‘आठ जिल्ह्यांतील एकूण साक्षर भागिले सात वर्षे व त्यावरील एकूण लोकसंख्या, मूळ संख्या …’ आणि पुढे तक्त्याचा तपशील. ‘लेखकाची आकडेमोड’ एवढे दोन शब्द लिहून थांबणाऱ्यांनी नेमके काय मोडले ते वाचकाला समजत नाही.

टिपेचा क्रमांक कुठे टाकायचा? मराठीत बहुतेक जण पूर्णविरामानंतर टाकतात, ते योग्य. पण एकाच वाक्यात दोन स्रोतांचे दोन आकडे असतील तर प्रत्येकाचा क्रमांक त्या-त्या वाक्यांशाच्या शेवटी, स्वल्पविरामानंतर यावा. आकड्याला चिकटून क्रमांक कधी टाकू नये. ८९४ च्या डोक्यावर बारीक ३ बसला की गणिताच्या विद्यार्थ्याला तो घन वाटतो आणि टंकलेखनात क्रमांक खाली घसरला तर ८९४३ तयार होतो. तक्त्यात तर हा धोका जास्त, म्हणून तक्त्यातल्या टिपांना अंक न देता तारका किंवा अ, आ, इ ही अक्षरे द्यावीत, आणि त्या तक्त्याच्या खालीच संपवाव्यात. तक्त्याखाली आधी ‘स्रोत :’ अशी एक ओळ, मग अक्षरांच्या टिपा. प्रबंधाच्या मुख्य क्रमांकात त्या मिसळू नयेत; तक्ता पुढच्या पानावर सरकला की क्रम बिघडतो. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबून टीप घातली की मजकुरातले क्रमांक आपोआप जुळतात. हाताने आकडे टाकून खाली रेघ ओढणारे अजूनही भेटतात, त्यांच्या चिकाटीचे कौतुकच वाटते, पण एक टीप मध्ये वाढली की पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात.

तोच स्रोत पुन्हा आला तर काय, यावर जुनी पद्धत ‘तत्रैव’ लिहायची. आमच्या पिढीला ते आवडते, दिसायलाही भारदस्त. पण मसुद्यात परिच्छेद इकडचे तिकडे होतात, मध्ये नवी टीप घुसते आणि ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. टीपलेखनाचे नियम देणाऱ्या शिकागो मॅन्युअलनेही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत याऐवजी संक्षिप्त नाव पुन्हा लिहिण्याकडे कल दाखवला. आकड्यांच्या बाबतीत तर मी संक्षिप्त नाव आणि तक्ता क्रमांक प्रत्येक वेळी लिहावा असेच म्हणेन : ‘जनगणना २०११, तक्ता सी-१६, महाराष्ट्र’. पूर्ण तपशील पहिल्या वेळी दिलेला असतोच.

आकडा मूळ अहवालात पाहिला नसेल, वर्तमानपत्रात किंवा दुसऱ्याच्या लेखात वाचला असेल, तर टिपेत मूळ अहवालाचे नाव लिहून मोकळे होणे ही सरळ लबाडी आहे. जे वाचले तेच लिहावे : मूळ अहवाल, मग ‘उद्धृत’, मग ज्या लेखात तो दिसला तो लेख. अर्थात मूळ अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळत असताना ‘उद्धृत’ लिहिणे म्हणजे आळस, आणि मार्गदर्शकाने तो चालवून घेऊ नये.

दुव्यांवर भरवसा ठेवू नका. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की आतले पत्ते मरतात. जनगणनेच्या संकेतस्थळाचे असेच झाले आणि असंख्य प्रबंधांतले दुवे आज कुठेच नेत नाहीत. म्हणून टिपेत दुवा दिला तरी अहवालाचे नाव, तक्त्याचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख द्यावी, म्हणजे दुवा तुटला तरी अहवाल दुसरीकडून शोधता येतो. उतरवून घेतलेली फाइल स्वतःजवळ ठेवावी. नुसत्या संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे टीप नव्हे.

प्रत्येक आकड्याला टीप हवीच असे नाही. आठवड्याचे दिवस सात, महाराष्ट्राची स्थापना १९६० साली, असल्या गोष्टींना टीप दिली तर परीक्षक हसतात. ज्याबद्दल जाणकार माणूस ‘हे कशावरून?’ असे विचारू शकतो, त्या आकड्याला टीप. आणि आपल्या विद्यापीठाची किंवा नियतकालिकाची पद्धत आधी विचारून घ्यावी. अर्थशास्त्राची नियतकालिके बहुधा मजकुरातच कंसात लेखक आणि साल मागतात, इतिहासाची तळटीप मागतात. पद्धत कोणतीही असो, तक्ता क्रमांक, काळ, आवृत्ती आणि व्याख्या यांना कुठे ना कुठे जागा द्यावीच लागते.

प्रबंध बांधायला टाकण्यापूर्वी आपल्या टिपांपैकी काही टिपा एखाद्या मित्राला द्या. मजकूर देऊ नका, फक्त टिपा द्या, आणि आकडे शोधून आणायला सांगा. त्याला जो आकडा सापडणार नाही, ती टीप पुन्हा लिहा.